घासायचा की राहू द्यायचा? चोपड्याकडच्या एका खिशातल्या चाकूचं प्रकरण

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर आला तेव्हा आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे उरले होते. आणणारा माझा शाळूसोबती. त्याचे वडील, आम्हा सगळ्यांचे आप्पा, आदल्या वर्षी गेले. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याजवळ तापीकाठी त्यांची केळी आणि कापूस. पहिली आखाजी म्हणजे आप्पांच्या नावाची घागर भरायची, आणि थोरल्या भावाच्या मनात असं की घागरीशेजारी आप्पांचा चाकू ठेवायचा, पण चकचकीत करून. "तू टूलरूममध्ये होतास, तुझ्याकडे बफ असेल. दोन मिनिटांचं काम," एवढा निरोप देऊन त्याने डबा धाडला होता. बफ म्हणजे धातूला चकाकी आणणारं फिरतं चाक.

मित्राचं म्हणणं वेगळं. त्याच्या मुलाने मोबाईलवर असाच चाकू पाहिला होता आणि खाली लिहिलेली किंमत बघून घरात खळबळ उडाली होती. त्याला चाकू विकायचा नव्हता, निदान तोंडाने तरी तो तसं म्हणत नव्हता, पण "पॉलिश केल्यावर किंमत वाढते ना रे?" असं त्याने दोनदा विचारलं.

तिसरं मत आप्पांच्या बहिणीचं. वय ८२, घरात सगळे त्यांना फुई म्हणतात. डबा घराबाहेर पडताना त्यांनी ओसरीवरून आवाज दिला होता, तो मित्राने मला जसाच्या तसा सांगितला: "घासू नका रे पोऱ्याहो. तो काया रंग केयना चीकना से." म्हणजे, तो काळा रंग केळीच्या चिकाचा आहे.

हे वाक्य मी तेव्हा म्हातारीचा हळवेपणा म्हणून सोडून दिलं. नंतर कळलं की डब्यातल्या वस्तूंबद्दलचं सगळ्यात नेमकं विधान तेच होतं.

डब्यात काय होतं

लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन वस्तू. एक दोन पात्यांचा खिशातला चाकू, शिंगाच्या मुठीचा. एक लहान पेनचाकू, लालसर पिवळट मुठीचा, कासवाच्या पाठीसारखं दिसणारं कचकडं. आणि एक लोखंडी अडकित्ता.

मोठा चाकू उघडला तेव्हा पात्याच्या बुडाशी भिंगातून ठसा दिसला: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी, वर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना जी आणि आर, खाली शेफिल्ड, इंग्लंड. त्याच्या शेजारी कंपनीची ओळखखूण, एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस. आपल्याकडे एका पिढीत "रॉजर" म्हणजेच चांगला चाकू, इतकं हे नाव रुळलेलं होतं. म्हणूनच त्याची नक्कलही भरपूर झाली. नाव जवळजवळ तेच, एखादं अक्षर इकडेतिकडे, पातं भलतंच. अशा चाकूत ठसा हाच त्याचा सातबारा, आणि तो ठसा किती खोल असतो? कागदाच्या दोनचार पदरांइतका.

जी-आरवरून राजा जॉर्ज. पण तो पाचवा की सहावा, हे एवढ्यावरून ठरत नाही. पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. आप्पांच्या वडिलांना हा चाकू कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये काम करताना मिळाला, असं घरात सांगतात. गाठीचं गोणपाट फाडून नमुना काढायला असा चाकू तिथे लागायचाच. गोष्ट पटण्यासारखी आहे, पुरावा मात्र नाही.

थोरल्याने फोनवर विचारलं, "इंग्लंडचा आहे तर गंजला कसा? स्टेनलेस नाही का?" नाही. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद काढलं ते १९१३ मध्ये, आणि खिशातल्या चाकूंत साधं कार्बनचं पोलाद पुढेही कितीतरी वर्षं चालत राहिलं, कारण त्याला धार पटकन लागते. ज्या गुणामुळे तो कापतो त्याच घराण्यातला दोष म्हणजे तो गंजतो.

मूठ सांबराच्या शिंगाची. हाडावर कोरून शिंगासारखी केलेली असती तर खाचा एकसारख्या आल्या असत्या. या खाचा वेड्यावाकड्या, आणि कडेला भिंग लावलं की आतला सच्छिद्र गाभा दिसतो. गंमत अशी की शेफिल्डच्या कारागिरांचं हे आवडतं शिंग हिंदुस्थानातूनच जायचं. म्हणजे शिंग बोटीने तिकडे गेलं, चाकू होऊन परत इकडे आलं, आणि तापीकाठी केळीच्या बागेत आयुष्यभर राबलं.

माझं स्वतःचं पाप

बफ लावायला मी नकार दिला. त्याचं कारण तत्त्वज्ञान नव्हे, एक जुनी चूक.

नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. आजोबांचा एक चाकू घरात होता, तोही शेफिल्डचाच असावा. असावा म्हणतो, कारण आता ते कोणालाच सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तो टूलरूमच्या बफवर धरला. हिरवा साबण लावलेलं कापडी चाक, मिनिटाला हजारो फेरे. काळेपणा गेला, आरसा आला, मी खूश. मग बघतो तर बुडाशी अक्षरांच्या जागी एक गुळगुळीत खळगी. पात्याची मूळची कडक रेघ, जिथे सपाट भाग संपून उतार सुरू होतो ती, लोण्यासारखी वितळलेली. आणि टोकाशी एक निळी झाक.

त्या निळ्या झाकेचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तिचा अर्थ मला कळत होता. चाकूच्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, ते साधारण २०० ते २५० अंशांच्या आसपास परत तापवून चिवट केलेलं असतं. निळा रंग ३०० च्या जवळपास येतो. म्हणजे बारीक टोक बफवर तेवढं तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. नंतर त्या टोकाला धार लावली की आठ दिवसांत बसायची. दिसायला नवा, आतून मेलेला.

तो चाकू मी अजून ठेवला आहे. चाकू घेऊन येणाऱ्याच्या हातात आधी तो देतो.

काळं आणि तांबडं

पहिल्या संध्याकाळी मी काहीच केलं नाही, नुसतं बघितलं. फोटो काढले, दोन्ही बाजूंनी, तिरक्या उजेडात. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन (कापूस त्यांच्याच शेतातला, मित्राने मुठभर दिला होता) पात्याच्या तीन जागा हलकेच पुसल्या.

मोठ्या पात्याच्या मधल्या भागावरून बोळा जवळजवळ पांढराच आला. रंग होता निळसर काळा, ढगासारखा, आणि तो पोलादाला धरून बसलेला. टोकाजवळ मात्र बोळा भगवा झाला. लहान पात्याच्या एका बाजूला तर बोट लावलं तरी तांबडी भुकटी येत होती.

सगळं प्रकरण या दोन बोळ्यांत आहे. लोक दोन्हीला गंज म्हणतात आणि दोन्ही एकाच कागदाने घासतात. तांबडा गंज फुगतो, भुसभुशीत असतो, हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि त्या पाण्याच्या जोरावर खालचं पोलाद खात राहतो. तो जिवंत आहे. काळा थर दाट असतो, चिकटून बसतो, आणि खालच्या धातूपर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही असं नाही, पण बरंच अडवतो. तो काढला तर उघडं पडलेलं पोलाद पहिल्या पावसाळ्यात तांबडं व्हायला मोकळं.

आणि या चाकूचा काळा थर नुसता जुनेपणाचा नव्हताच. केळीच्या चिकाचा डाग सदऱ्यावर पडला की सदरा फाटेल पण डाग जात नाही, हे खानदेशात पोरालाही माहीत आहे. त्या चिकात तुरट द्रव्य असतं, सुपारीत, हिरड्यात असतं त्याच जातीचं. ते लोखंडाला भेटलं की निळंकाळं होतं. हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे ती याच मेळातून. आप्पा घडावरचं कमळ कापायला, पानं काढायला, सुतळी तोडायला हाच चाकू वापरायचे. म्हणजे पात्यावर वर्षानुवर्षं केळीची शाई चढत गेली. फुईंनी रसायनशास्त्र न शिकता निदान केलं होतं.

टोकाजवळचे खड्डे वेगळे. ते गोल, खोल, टाचणीच्या डोक्याएवढे. मित्राला विचारलं, घरात कैऱ्या कशाने चिरायचे? हसला. आप्पा शेतात बसून मीठ-तिखट लावून कैरी खायचे, याच चाकूने. आंबटही, मीठही, आणि मग चाकू तसाच मिटून खिशात. मिठाने पडलेला खड्डा भरून येत नाही. तो घालवायचा तर त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं पोलाद उतरवावं लागतं. पातं तसंही ओसरीच्या पायरीवर धार लावून लावून मूळच्या दोनतृतीयांश रुंदीचं राहिलेलं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. लहान पात्याची एकच बाजू इतकी का सडली? दुसरी बाजू, ठशाची, बऱ्यापैकी निरोगी होती. पाणी शिरलं असतं तर दोन्हीकडे शिरलं असतं. दोन दिवस मी हेच धरून बसलो. तिसऱ्या दिवशी डबा उघडताना वास आला, आंबूस, नाकात चावणारा, मागे पुसट कापूर. वास येत होता त्या लहान पेनचाकूला.

कचकडं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून हे बनतं, आणि म्हातारपणी ते स्वतःलाच विटतं. आधी कापूर उडून जातो, मग पदार्थ फुटायला लागतो आणि त्यातून आम्ल वाफा निघतात. मुठीला भिंग लावलं तर आत बर्फीच्या वड्यांसारख्या बारीक भेगा दिसल्या, आतल्या पितळी पट्ट्या हिरव्यागार झालेल्या. हा बंद डब्यात शेजाऱ्याच्या अंगावर वीसेक वर्षं वाफ सोडत होता. रॉजर्सच्या लहान पात्याची सडलेली बाजू नेमकी त्याच्याकडे होती. पातं मिटलेलं असूनही फटीतून वाफ आत गेली. ठशाची बाजू डब्याच्या तळाकडे होती म्हणून वाचली. आणि लुगड्याचा तुकडा, मायेने गुंडाळलेला, पावसाळ्यात ओल धरून या कामाला हातभार लावत होता.

पेनचाकू मी त्याच संध्याकाळी वेगळा काढला. त्याला वाचवणं माझ्या हातात नाही, आणि बंद जागेत, उन्हात तर अजिबात ठेवू नये, कारण हा पदार्थ भडकन पेटतो. एका कागदी पाकिटात, हवेशीर जागी, लोखंडापासून दूर. तुमच्याकडे जुन्या चाकूंची पेटी असेल आणि त्यातला एखादाच विनाकारण गंजत असेल, तर त्याचा शेजारी कोण आहे ते आधी बघा.

नऊ संध्याकाळी

केलं ते थोडं, वेळ गेला जास्त. सांध्यात मशीनचं तेल सोडून तीन दिवस चाकू नुसता ठेवला. अडकलेलं लहान पातं ओढून पूर्ण उघडायचा मोह आवरला. गंजलेल्या स्प्रिंगवर जोर दिला की ती मोडते, आणि मोडली की तसली पुन्हा मिळत नाही. चौथ्या दिवशी पातं स्वतःहून हललं.

तांबडी भुकटी खरवडायला माझ्याकडे एक भोकाचा पैसा आहे, १९४३ ते १९४७ मध्ये निघायचा तो. तो कांशाचा. पाणी दिलेल्या पोलादापेक्षा मऊ, भुसभुशीत गंजापेक्षा टणक. त्याची कड तेलात बुडवून अगदी आडवी धरायची आणि फुगलेला गंज उचलायचा. सुटी भुकटी निघते, पातं ओरखडत नाही. काळ्या थरापाशी आलं की हाताला कळतं, पैसा घसरायला लागतो. तिथे थांबायचं. खड्ड्यांच्या तळाशी बांबूची काडी, मुठीच्या आतली घाण काढायला बाभळीचा काटा. त्या घाणीतून कापसाचे धागे निघाले, तंबाखू निघाली, एक ज्वारीचा अर्धा दाणा निघाला.

ठशाला मी तेलाच्या बोळ्याशिवाय काहीही लावलं नाही. अक्षरांत बसलेला काळा रंग तसाच ठेवला, त्यामुळे तर ती वाचता येतात.

न केलेल्या गोष्टींची यादी थोरल्याला फोनवर सांगावी लागली, कारण प्रत्येकाचा सल्ला कुणी ना कुणी त्याला दिला होता. चिंच नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही: आंबट पदार्थ सांध्यात अडकून राहतो आणि नंतर निवांतपणे खातो, शिवाय शिंगालाही सोसत नाही. काचकागद नाही. ब्रासो मुठीजवळ नाही. रॉकेलमध्ये अख्खा चाकू बुडवणं नाही. घरचं शेंगदाण्याचं तेलसुद्धा नाही, ते काही महिन्यांत चिकट होऊन बसतं आणि धूळ पकडतं. शेवटी सगळीकडून कोरडं पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात दिला, पात्यालाही आणि शिंगालाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी चाकू घरी गेला. थोरल्याने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "काय केलं रे तू? होता तसाच आहे." मी याला शाबासकी समजलो. त्याने तसं म्हटलं नव्हतं.

विकायचा प्रश्न

मित्राला उत्तर द्यायचं होतं. मोबाईलवर दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे, हे तर झालंच. दुसरं, जुन्या चाकूंचे खरे गिऱ्हाईक पूर्ण रुंदीचं पातं, मूळची झिलई, स्पष्ट ठसा आणि पातं मिटतानाचा कडक टप्प असा आवाज शोधतात. आपल्या चाकूत ठसा आहे, आवाज अर्धामुर्धा आहे, पात्याची रुंदी आप्पांनी पायरीवर खर्च केली आहे. बफ लावून यातलं काहीच वाढलं नसतं, ठसा तेवढा कमी झाला असता.

तिसरं कारण कायद्याचं आणि तेच निकाली. मूठ सांबराच्या शिंगाची. सांबर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतला प्राणी, त्याच्या शिंगाच्या वस्तूचा व्यापार करता येत नाही. "आजोबांचा आहे" हे विकण्याचं कारण होऊ शकत नाही. ऑनलाइन फोटो टाकण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचार, असं सांगितलं. त्याच वर्षीचा पुरावस्तूंचा कायदा असा की १०० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि आपला चाकू १९१० नंतर कधीचाही असू शकतो, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाचा विचारही अडचणीचा. शस्त्र कायद्याची मात्र भीती नाही: नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची मर्यादा आहे, हे पातं तीन इंचांचंही नाही. मित्राचा चेहरा जरा पडला, मग स्वतःच म्हणाला, "बरं झालं. दादाशी भांडण तरी वाचलं."

अडकित्त्याचं मी वेगळंच केलं. तो फुईंना रोज हवा होता. गरम पाणी, साबण, ताराच्या घासणीने खसखसून घासला, उन्हात वाळवला, सांध्याला खोबरेल. सुपारीचा काळा रंग महिन्याभरात पुन्हा चढेल. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मोर, घोडे, बायांच्या आकाराचे नक्षीदार अडकित्ते काचेआड आहेत. तसला असता तर हात लावला नसता. हा साधा, बाजारातला, आणि त्याचं काम अजून संपलेलं नाही.

खिळा

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तिच्यात मी चुकलो.

मुठीच्या एका बाजूचं पितळी रिव्हेट कधीतरी पडलं होतं. त्या जागी गावच्या लोहाराने, किंवा आप्पांनी स्वतः, एक लोखंडी खिळा कापून ठोकला होता. डोकं वाकडं, कडा तशाच. थोरल्याला तो डोळ्यांत खुपत होता, "हे तरी काढ." मला तोच सगळ्यात जास्त आवडला होता. शेफिल्डच्या चाकूत चोपड्याचा खिळा, यापेक्षा चांगली नोंद कुठे मिळणार?

पण खिळ्याभोवती शिंगाला बारीक चीर होती, कडेच्या दिशेने गेलेली. व्हर्नियरने मोजली, आठ मिलिमीटर. कारण उघड होतं: खिळा गंजतो, गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, भोकात जागा नाही, म्हणून शिंग फाटतं. म्हणजे माझ्याच नियमाने हा जिवंत गंज होता आणि काढायला हवा होता. तरी मी नाही काढला. वरून पुसला, मेण भरलं, आणि स्वतःला सांगितलं की ओल बंद केली की गंज थांबेल. खरं सांगायचं तर गोष्टीच्या प्रेमात पडलो होतो. थोरला चकाकीच्या प्रेमात, मी खिळ्याच्या. फरक फार नव्हता.

चाकू ठेवायची पद्धत सांगितली होती: कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या, कापडात गुंडाळायचा नाही, चामड्याच्या म्यानात तर नाहीच, आणि माळ्यावर पत्र्याखाली नको, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि शिंग आक्रसून तडकतं. त्यांनी सगळं पाळलं. सिलिका जेलचे दाणे ओले झाले की तव्यावर गरम करायचे, तेही सुनेने केलं.

दिवाळीत गेलो तेव्हा पातं जसंच्या तसं होतं. काळं काळं, तांबड्याचा ठिपका नाही. चीर मात्र अकरा मिलिमीटर. कडेपर्यंत चारच उरले होते. मेणाखाली, भोकाच्या आत, ओल आधीच होती आणि मी तिच्यावर झाकण लावून दिलं होतं.

खिळा भाऊबीजेनंतर निघाला. आतल्या बाजूचं ठोकलेलं टोक कानशीने सपाट केलं, मुठीखाली शिशाचा तुकडा ठेवून बारीक पंचने हलकेच मागे ढकलला. भोक कोरडं केलं, त्याच जाडीची पितळी कांडी बसवली आणि डोकं अगदी नावापुरतं फुलवलं; शिंगावर जोरात ठोकलं तर वाचवायला गेलो आणि फोडून आलो असं व्हायचं. नवी कांडी मुद्दाम ओळखू येईल अशी पिवळीधमक ठेवली, जुनी दिसावी म्हणून काही फासलं नाही. खिळा कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत गेला, सोबत चिठ्ठी: कुठून काढला, कधी, का. डबी चाकूच्या डब्याशेजारी असते, डब्यात नाही. गंजक्या लोखंडाला आत घ्यायची चूक परत कशाला.

थोरल्याने कांडी बघितली. "आता कसं बरं दिसतं," म्हणाला. फुईंनी डबी हातात घेऊन हलवली, खिळा वाजला. "त्यावर मन्हा भाऊना हात से," एवढंच बोलल्या, आणि ती कुणाकडे ठेवायची यावर चर्चा न होता ती त्यांच्या कपाटात गेली.

दुसरी आखाजी

मागच्या आखाजीला मला जेवायचं आमंत्रण होतं. घागर भरलेली, वर सांजोरी आणि आंबा, शेजारी पाटावर चाकू. स्वयंपाकघरात खापराच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या. मी ओसरीवर थोरल्याला सांगत होतो की वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीला, मशीनच्या तेलाचा एक बोळा फिरवला की बस, बाकी हात लावायचा नाही. तो मान डोलवत होता, पण नजर माझ्या मागे होती.

मागे वळून बघितलं तर फुई पाटावरचा चाकू घेऊन आंबा चिरत बसल्या होत्या. रस पात्यावरून मुठीपर्यंत ओघळलेला.

"फुई, अहो!"

"चाकू से ना तो? मंग!"

पहिली फोड त्यांनी घागरीपुढे ठेवली, दुसरी माझ्या हातावर. आंबा होईपर्यंत मी थांबलो, मग चाकू ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसला, सांधा उघडझाप करून वाळवला, तेलाचा बोळा फिरवला. टोकापासून बोटभर आत, केळीच्या काळ्या रंगावर, एक नवा राखाडी डाग उमटला होता. खिशातून चाकूची वही काढली आणि तारीख घालून लिहिलं: नवा डाग, आंबा, फुई. काढू नये.